कृष्णव्रण : कर्करोगग्रस्त बालकांतील गंभीर जीवाणुजन्य त्वक्‌विकार आणि आपले चिकित्सालय

बालकांचा कर्करोग हा आपल्या चिकित्साकक्षेबाहेरचा विषय आहे, अशी आपल्यापैकी बहुतेकांची धारणा असते. मूळ व्याधीच्या चिकित्सेपुरती ती योग्यच आहे. परंतु व्यवहार निराळा आहे. मुंबईस परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात किंवा अन्य एखाद्या मोठ्या केंद्रात किमोथेरपीचे एक आवर्तन पूर्ण झाले की बालक गावी परतते. पुढील आवर्तनापर्यंतचे दिवस ते आपल्याच गावात, आपल्याच आळीत घालवते. मुंबई दहा-बारा तासांच्या अंतरावर असते आणि रात्री अकरा वाजता बालकास ताप भरला तर प्रथम जे दार ठोठावले जाते ते बहुधा बी.ए.एम.एस. वैद्याचेच असते. दिवसा हेच आईवडील आधी औषधालयाच्या फळीशी उभे राहतात आणि ‘अंगावर काळा फोड आलाय, काही लेप द्या’ असे म्हणतात. म्हणून हा विषय वैद्य आणि औषधालयचालक अशा उभयतांपुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

बालकांच्या कर्करोगांत रक्ताचा कर्करोग, त्यातही अ‍ॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, हा सर्वाधिक आढळतो. एके काळी हे निदान म्हणजे काही आठवड्यांचे आयुष्य असे समीकरण होते. बोस्टन येथील डॉ. सिडनी फार्बर यांनी १९४८ मध्ये अमिनोप्टेरिन या द्रव्याने अशा बालकांत तात्पुरता का होईना, व्याधी मागे हटतो हे दाखविले. हे द्रव्य ज्या प्रयोगशाळेतून आले तिचे प्रमुख डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव होते. अमेरिकेस जाण्यापूर्वी ते मद्रासच्या आयुर्वेद महाविद्यालयात शारीर शिकवीत असत, ही गोष्ट आपल्या वर्तुळातही फारशी स्मरणात नाही. पुढे १९६३ साली व्हिंक्रिस्टीन प्रचारात आले. ते सदाफुलीपासून मिळते, जी आपल्या अंगणाच्या कडेला दुर्लक्षित उभी असते. आज प्रगत देशांत या व्याधीची दहापैकी सुमारे नऊ बालके पूर्ण बरी होतात. आपल्या देशात हे प्रमाण त्याहून कमी आहे आणि त्याचे एक मोठे कारण मूळ व्याधी नसून चिकित्सेच्या काळात होणारा जंतुसंसर्ग हे आहे. व्याधीशी झुंज जिंकत आलेले बालक एखाद्या काळ्या फोडाने अवघ्या दोन दिवसांत दगावते, आणि त्या दोन दिवसांतील पहिले काही तास ते आपल्या हाती असते.

रक्षक नसलेले शरीर

किमोथेरपीची औषधे शीघ्र वाढणाऱ्या पेशींचा नाश करतात. अस्थिमज्जेतील पांढऱ्या पेशी त्यातून सुटत नाहीत. जीवाणूंचा प्रतिकार करणाऱ्या न्यूट्रोफिल पेशींची संख्या निरोगी बालकात प्रतिघन मिलिमीटर साधारणतः १५०० च्या वर असते. ती ५०० च्या खाली गेली की धोका सुरू होतो आणि १०० च्या खाली गेली की तो पराकोटीचा होतो. डॉ. जेराल्ड बोडी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ मध्येच हे दाखवून दिले होते की पेशी जितक्या कमी आणि ही उणीव जितकी दीर्घकाळ, तितका संसर्गाचा संभव अधिक. बहुतांश औषधांनंतर ही उणीव साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांच्या दरम्यान तीव्र असते. ल्युकेमियाच्या प्रारंभीच्या चिकित्सेत तर ती कित्येक आठवडे टिकते. म्हणजे बालक रुग्णालयातून घरी आले, चेहरा थोडा टवटवीत झाला, पाहुणे भेटून गेले आणि घरची मंडळी निर्धास्त झाली, नेमक्या त्याच दिवसांत त्याच्या रक्तात रक्षक उरलेले नसतात.

त्यात तोंडाच्या व आतड्याच्या श्लेष्मल त्वचेला औषधांनी व्रण पडलेले असतात. हातात वा छातीत केमोपोर्ट, पिक लाईन यांसारखी नलिका असते. काखा, जांघा, गुदभाग सतत ओलसर राहतात. जंतूस प्रवेशद्वारांची वाण नसते.

या अवस्थेत त्वचेवर दिसणारे जीवाणुजन्य विकार अनेक आहेत. स्टॅफिलोकोकस ऑरियसमुळे नलिकेच्या तोंडाशी लाली व सूज येते. स्ट्रेप्टोकोकसमुळे त्वचेचा पसरता दाह होतो. गुदाभोवतीच्या दाहात आतड्यातील जीवाणू सामील असतात. क्वचित स्नायूंच्या आवरणापर्यंत पोहोचणारा, ऊतींचा नाश करीत जाणारा भयंकर प्रकार दिसतो. यांपैकी प्रत्येकावर स्वतंत्र लेख होऊ शकेल. आम्ही येथे ज्याचा विस्तार करणार आहोत तो म्हणजे एक्थायमा गँग्रिनोझम. तो गावात दिसतो, दिसताक्षणी ओळखता येतो आणि तरीही ओळखला जात नाही.

लक्षणे व त्यांचा क्रम

या विकाराचा मुख्य कर्ता स्यूडोमोनास एरुजिनोसा हा जीवाणू होय. फ्रान्समधील कार्ल गेसार यांनी १८८२ मध्ये जखमांच्या पट्ट्यांवर उमटणाऱ्या निळ्या-हिरव्या रंगाचा शोध घेताना तो वेगळा केला. प्रस्तुत व्रणास एक्थायमा गँग्रिनोझम हे नाव १८९७ मध्ये हिट्शमान व क्राइबिख यांनी दिले. हा जीवाणू पाण्याचा सोबती आहे. मोरीची जाळी, नळाचे तोंड, ओला टॉवेल, फुलदाणीतील शिळे पाणी, अर्धवट रिकामी बाटली, सहाणेवरील ओल, इतकेच नव्हे तर सौम्य झालेले जंतुनाशक द्रावण, असे कोठेही तो सुखाने राहतो. निरोगी माणसास तो सहसा काही करीत नाही.

आरंभी त्वचेवर एक लालसर, न दुखणारा वा किंचित दुखणारा डाग दिसतो. काही तासांत त्याचा उंचवटा किंवा रक्तमिश्रित पाण्याचा फोड होतो. फोड फुटतो, मध्यभाग राखाडी व पुढे काळाभोर होतो आणि त्याभोवती लाल-जांभळे वलय उमटते. हा सारा प्रवास अनेकदा १२ ते २४ तासांत पूर्ण होतो. डाग एक असतो किंवा अनेक. गुह्यभाग, नितंब, जांघ, काख, हातपाय ही त्याची आवडीची स्थाने. आईवडील बहुधा आपण होऊन हे भाग दाखवीत नाहीत. वैद्यानेच विचारले पाहिजे आणि कपडे दूर करून पाहिले पाहिजे.

आतील घडामोड ध्यानी घेतली म्हणजे काळा रंग कोठून येतो ते कळते. जीवाणू त्वचेखालील सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंतीत शिरतो, त्याच्या विषद्रव्यांनी भिंत कुजते, वाहिनी गोठलेल्या रक्ताने बंद होते आणि तिच्यावर अवलंबून असलेला त्वचेचा तुकडा मरतो. जीवाणू येथे दोन मार्गांनी पोहोचतो. रक्तातून येऊन तो त्वचेत रुजतो, किंवा त्वचेतील लहानशा क्षतातून शिरून रक्तात जातो. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून असा एक काळा डाग दिसला की जीवाणू रक्तात आहे असेच समजून चालावे. असाच व्रण क्लेबसिएला, एरोमोनास यांसारखे अन्य जीवाणू आणि फ्युझेरियम, म्युकर यांसारख्या बुरशीदेखील करतात. तो भेद रक्ताच्या व व्रणाच्या कल्चरने रुग्णालयात होईल. आपल्या खोलीत बसून तो करण्याचा हट्ट धरू नये.

ग्रंथोक्त विचार

आपल्या वाचकांच्या मनात एव्हाना विसर्पाचे स्मरण झाले असेल. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील एकविसाव्या अध्यायात अग्निविसर्प व कर्दमविसर्प यांचे जे वर्णन आहे ते या दृष्टीने पुन्हा वाचावे. विझलेल्या निखाऱ्यासारखा होणारा भाग, अग्निदग्धासारखे फोड, मर्माकडे होणारी शीघ्र गती. दुसऱ्या प्रकारात काळवंडून कुजणारे, गळून पडणारे मांस व शवासारखा गंध. हे दोन्ही प्रकार मर्म दूषित होण्यापूर्वी व मांस-स्नायूंचा क्लेद होण्यापूर्वी हाताळले तरच आटोक्यात येतात आणि त्यांचा अनादर झाला तर सर्पविषासारखे ते देहाचा त्वरित नाश करतात, असे चरकाचार्यांचे मत आहे. माधवनिदानाच्या बालरोगप्रकरणात शिर व बस्तिभागी उद्भवणाऱ्या महापद्म नामक विसर्पास प्राणनाशक म्हटले आहे. प्राचीनांनी ल्युकेमिया किंवा न्यूट्रोफिल जाणले होते असा आमचा दावा नाही. असे दावे करून आपण आपलेच हसे करून घेतो. परंतु काळवंडत जाणारा, शीघ्रगती, बालकातील विसर्प हा प्राणघातक होय, हे निरीक्षण त्यांचेच आहे आणि ते अचूक आहे.

मात्र ग्रंथाचा आधार घेताना येथे दोन ठिकाणी पाय घसरतो.

पहिले ठिकाण आम-पक्व परीक्षेचे. सुश्रुताचार्यांनी शोथाच्या आम, पच्यमान व पक्व या अवस्था सांगितल्या आणि आपण सर्वजण त्या क्रमाने विचार करण्यास शिकलो. गळू पिकू द्यावे, मग शस्त्र करावे, पिकत नसल्यास अळशीचे पोटीस वा पाचन लेप बांधावा. परंतु पाक होण्यास, पू होण्यास पांढऱ्या पेशी लागतात. पू म्हणजे बहुतांशी मेलेल्या न्यूट्रोफिल पेशीच. ज्या बालकाच्या रक्तात त्या पेशीच नाहीत त्याचे गळू कधीच पिकणार नाही. लाली फिकी असेल, सूज जेमतेम असेल, पू नसेल, आणि तरी आत मांस कुजत असेल. अशा बालकात पक्व लक्षणांची वाट पाहणे म्हणजे ज्याचे आगमन शक्यच नाही त्याची वाट पाहणे होय. हा मुद्दा आम्ही मुद्दाम विस्ताराने सांगत आहोत, कारण आम्हांस असे वाटते की येथे होणारा विलंब अज्ञानाचा नसून चांगल्या, शास्त्रशुद्ध सवयीचा असतो.

दुसरे ठिकाण रक्तमोक्षणाचे. विसर्पाचा आश्रय रक्त असल्याने रक्तमोक्षण ही त्याची श्रेष्ठ चिकित्सा मानली जाते, आणि सुकुमार, बाल व दुर्बल यांच्यासाठी जलौकेचा मार्ग सर्वांत सौम्य सांगितला आहे. त्यामुळे ‘बालक आहे, तर जळू लावू’ हा विचार एखाद्या निष्ठावान पंचकर्मतज्ज्ञाच्या मनात सहज येईल. परंतु याच सुश्रुतसंहितेत क्षीण व पांडुरोगी यांस रक्तमोक्षण निषिद्ध आहे आणि ल्युकेमियाचे बालक क्षीण व पांडू दोन्ही असते. प्लेटलेट २० हजारांच्या खाली असतील तर जळवेचा दंश थांबता थांबत नाही. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की जळवेच्या आतड्यात एरोमोनास जीवाणू निसर्गतःच वसतो. तो जळवेस रक्तपचनास साहाय्य करतो. वर ज्या जीवाणूंनी असाच काळा व्रण होतो म्हणून सांगितले त्यांत एरोमोनासचे नाव आहे. अशा बालकास जळू लावणे म्हणजे त्याच व्याधीचे बीज त्वचेत पेरणे होय. सिरावेध, अलाबू, प्रच्छान यांच्याबद्दल वेगळे सांगावयास नको.

मलावष्टंभ आणि बस्ती

सदाफुलीपासून मिळणाऱ्या व्हिंक्रिस्टीनचा एक परिचित परिणाम म्हणजे आतड्याच्या मज्जातंतूंवर होणारा आघात. त्यामुळे बालकास तीव्र मलावष्टंभ होतो. कुंथल्याने गुदभागी चीर पडते आणि तेथून आतड्यातील जीवाणू रक्तात शिरतात. आणि मलावष्टंभ हा तर आपल्या घरचा विषय. एरंडेल, मात्राबस्ती, ग्लिसरीनची पिचकारी, फलवर्ती ही सारी साधने हाताशी असतात. आम्ही स्पष्टपणे सांगतो की किमोथेरपी चालू असलेल्या बालकास गुदमार्गाने काहीही देऊ नये. बस्ती नको, फलवर्ती नको, पिचकारी नको, गुदमार्गे तापमापकही नको, बोटाने परीक्षणही नको. आधुनिक कर्करोगतज्ज्ञांचा हा नियम आहे आणि त्यामागचे कारण आपल्यासही पटण्याजोगे आहे. त्या श्लेष्मल त्वचेवर झालेला सूक्ष्म ओरखडा रक्तात जंतू सोडण्यास पुरेसा होतो. मलावष्टंभासाठी रुग्णालयाने मुखावाटे घ्यावयाचे सारक औषध लिहून दिलेले असते. ते बहुधा ‘गोड पाणी’ समजून घरात पडून राहिलेले असते. ते शोधून चालू करावयास लावणे, एवढे आपण करावे.

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे सहा वर्षांच्या एका मुलास घेऊन त्याची आजी आली. चिकित्सेचा चौथा आठवडा चालू होता, मधल्या सुट्टीत घरी आलेला. ‘डॉक्टर, पोराला चार रोज परसाकडं झालं नाही, पिचकारी मारून मोकळं करा,’ एवढीच तिची मागणी. तापमान ९९.४. मूल शांत होते, नको इतके शांत. हात गार, नाडी दीडशेच्या घरात. चड्डी उतरवून पाहता उजव्या नितंबावर जांघेच्या बाजूस रुपयाएवढा डाग होता. मधोमध काळपट, सभोवार लाल वलय आणि वरून गेरूचा जाड थर. ‘कातीण फिरली असंल म्हणून कालपासून गेरू लावतेय,’ आजी म्हणाली. पाच दिवसांपूर्वीच्या अहवालात न्यूट्रोफिल १८० होते. मूल प्रेडनिसोलोनवर होते, म्हणूनच ताप दिसत नव्हता. फाइलीवर छापलेल्या क्रमांकावर दूरध्वनी केला. पलीकडच्या डॉक्टरांनी वर्णन ऐकले आणि जवळच्या जिल्हा ठिकाणी शिरेतून कोणती प्रतिजैविके तत्काळ सुरू करावयाची ते तेथील डॉक्टरांशी बोलून सांगितले. १०८ ची रुग्णवाहिका आली. रक्ताच्या कल्चरमध्ये स्यूडोमोनास आला. मुलास तीन आठवडे रुग्णालयात काढावे लागले, मृत त्वचा काढून तेथे त्वचारोपण करावे लागले आणि किमोथेरपी महिनाभर लांबली. मूल आज शाळेत जाते.

दुसऱ्या एका बालकाबद्दल आमच्या कानी आले ते असे. तापासाठी गावी कोणीतरी दंडावर इंजेक्शन दिले, सोबत तापाचे व प्रतिजैविकाचे पातळ औषध. ताप उतरला. दुसऱ्या दिवशी सुई टोचलेल्या जागी काळा डाग उमटला. ‘इंजेक्शनची गाठ’ म्हणून शेकण्यास सांगितले गेले. तिसऱ्या दिवशी ते मूल वाटेतच गेले. या बालकांस स्नायूत इंजेक्शन देऊ नये, रक्त साकळते व सुईची वाट जंतूस मोकळी होते, इतके जरी तेथे ठाऊक असते तरी गोष्ट निराळी झाली असती.

ताप हाच निरोप

कर्करोगतज्ज्ञांच्या हिशेबात एकदा मोजलेला १०१ अंश फॅरनहाइट किंवा तासभर टिकलेला १००.४ अंश हा ताप अशा बालकात आणीबाणीचा समजला जातो. रुग्णालयात पोहोचल्यापासून तासाभरात शिरेतून प्रतिजैविकाचा पहिला डोस जावा, असा त्यांचा प्रयत्न असतो. सेफेपिम, पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम, मेरोपेनेम अशा स्यूडोमोनासवर चालणाऱ्या औषधांनी प्रारंभ होतो. जंतू निर्ढावलेला असल्यास कोलिस्टिनपर्यंत जावे लागते. गोळ्यांचे किंवा सिरपचे कोणतेही प्रतिजैविक त्याची जागा घेत नाही. पॅरासिटामॉलने तापाचा आकडा खाली येतो, जंतू खाली येत नाहीत. उलट, ताप गेला म्हणून गाडी ठरविणे रद्द होते. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक तर प्लेटलेटच्या कारणाने वर्ज्यच.

त्रिभुवनकीर्ती, महासुदर्शन काढा, संजीवनी वटी यांनी अशा तापात ‘निदान बारा तास पाहू’ असे म्हणण्याचा मोह आवरावा. आपल्या औषधांविषयी अनादर म्हणून आम्ही हे म्हणत नाही. ज्या शरीरात औषधाला साथ देणारे बलच उरलेले नाही तेथे बारा तासांची किंमत निराळी असते.

येथेच आणखी एक सूचना. कर्करोगाचे निदान न झालेल्या बालकात असा काळा व्रण दिसला तर तो ल्युकेमियाचे किंवा अन्य प्रतिकारदौर्बल्याचे पहिले चिन्ह असू शकतो. सोबत पांडुता, त्वचेखाली रक्ताचे ठिपके, हाडे दुखणे, मानेत-काखेत गाठी, लांबलेला ताप यांपैकी काही असल्यास त्याच दिवशी सी.बी.सी. व रक्तपेशींची सूक्ष्मदर्शक तपासणी करवावी. नागीण, कातीण, कीटकदंश, गोवराचा डाग ही घरगुती निदाने ऐकून घ्यावीत, पण तेथे थांबू नये.

औषधालयचालकांसाठी

आता फळीच्या पलीकडे उभ्या असलेल्या आपल्या बंधूंकडे वळतो. दशांग लेप हा विसर्पावरील प्रसिद्ध योग आपल्याकडे नेहमी असतो आणि तो मागणारा ग्राहक हमखास येतो. आपण लेप देता तेव्हा एक प्रश्न विचारावा: ‘मुलाला कसले मोठे औषध चालू आहे का?’ केस गेलेले, तोंडाला मास्क लावलेले मूल दिसले तर तोही प्रश्न नको. लेपाने दोन अपाय होतात. पाण्यात कालवलेले वनस्पतिचूर्ण उघड्या त्वचेवर जाते आणि व्रणाचा खरा रंग झाकला जातो, त्यामुळे पुढील डॉक्टरास तो कळत नाही. हळद, गेरू, जेन्शन व्हायोलेट यांचेही तेच.

आपल्या आयुर्वेदिक फार्माकोपियातील सूक्ष्मजीवमर्यादेनुसार १ ग्रॅम चूर्णात एकूण जीवाणू १ लाखापर्यंत आणि बुरशी व यीस्ट १ हजारापर्यंत चालतात. स्यूडोमोनास एरुजिनोसा, ई. कोलाय, साल्मोनेला व स्टॅफिलोकोकस ऑरियस मात्र मुळीच असू नयेत. ही मर्यादा सुदृढ माणसासाठी योग्य आहे. न्यूट्रोफिल शंभरावर आलेल्या बालकास मर्यादेच्या आतील बुरशीही जड जाऊ शकते. म्हणजे सर्व नियम पाळून केलेले उत्तम चूर्णदेखील त्या काही आठवड्यांत त्याच्यासाठी निर्धोक म्हणता येत नाही. मग सुट्या विक्रीच्या डब्यातले, दमट पावसाळ्यात सादळलेले, एकाच चमच्याने काढलेले चूर्ण काय असेल याची कल्पना आपणच करावी. स्वरस, हिम, कोरफडीचा गर, उघडलेले गुलाबजल, ताक, न उकळलेला मध ही यादी आणखी लांबेल. २००० साली शेड्यूल टी आल्यापासून निर्मितीगृहांत पाण्याकडे लक्ष दिले जाऊ लागले, ही समाधानाची बाब आहे. दुकानातील भरणीकडे मात्र तितके लक्ष दिले जात नाही.

‘पांढऱ्या पेशी वाढविणारे’ म्हणून काही विकणे टाळावे. कर्करोग बरा करण्याची जाहिरात १९५४ च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्याने निषिद्ध आहे हे आपण जाणताच. रसायन द्रव्यांच्या बाबतीतही संयम हवा. मुंबईतील यकृतविकारतज्ज्ञांनी २०२१ मध्ये गुळवेल सेवनानंतर यकृतशोथ झालेल्या काही रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला आणि आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. त्या वादात आम्ही येथे शिरत नाही. परंतु या बालकांस मर्कॅप्टोप्युरीन व मेथोट्रेक्सेट चालू असते आणि दोन्ही यकृतास पीडा देतात. यकृताचे आकडे वाढले की ती वाढ कशाने झाली हे तज्ज्ञास कळले पाहिजे. घरात गुपचूप आणखी काही चालू असेल तर ते कळत नाही आणि जीव वाचविणारे औषध विनाकारण थांबविले जाते. तसेच आठवड्यातून काही दिवस घ्यावयाची को-ट्रायमोक्झाझोलची गोळी ‘उष्ण पडते’ म्हणून बंद करावयास कोणी सुचवू नये. ती फुप्फुसाच्या एका घातक संसर्गापासून रक्षण करते.

मग आपणांस करण्यासारखे काहीच नाही का, असा प्रश्न येईल. पुष्कळ आहे. रोजचे स्नान, काखा-जांघा कोरड्या ठेवणे, नखे कापणे, ओले टॉवेल व फुलदाण्या दूर करणे, ताजे शिजविलेले गरम अन्न, मुगाचे कढण, पेज, उकळून गार केलेले पाणी हे सारे आपण ज्या विश्वासाने सांगू शकतो त्या विश्वासाने रुग्णालयातील घाईत कोणी सांगू शकत नाही. पेशी पूर्ववत झाल्यावर, व्रण स्वच्छ झाल्यावर आणि तज्ज्ञांच्या संमतीने रोपणासाठी आपले तेल-घृत उपयोगी पडण्यास वाव आहे. अग्निमांद्य, अरुची, दौर्बल्य यांचा विचारही किमोथेरपी संपल्यावर निवांतपणे करता येईल.

गावात अशी किती बालके आहेत हे वैद्यास सहसा ठाऊक असते. त्यांच्या पालकांस ताप नसतानाच एकदा बोलवावे, फाइलीवरील आपत्कालीन क्रमांक आपल्याकडे उतरवून घ्यावा आणि रक्ततपासणीच्या ताज्या अहवालाची प्रत ठेवावी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून कोणत्या रुग्णालयात सोय होते याची चौकशी आधीच करून ठेवावी. ते ताप भरल्यावर शोधणे कठीण जाते. बालकास रवाना करताना सोबत द्यावयाच्या चिठ्ठीत ताप प्रथम केव्हा व किती मोजला, शेवटची किमोथेरपी कोणत्या दिवशी झाली, स्टेरॉइड चालू आहे काय, डाग प्रथम किती वाजता दिसला आणि आता केवढा आहे, नलिका आहे काय, नाडी, श्वास व लघवी कशी आहे, आणि घरी किंवा आपण काय लावले वा दिले, हे सारे लिहावे. डागाच्या कडेने पेनाने रेषा आखून वेळ घालावी. लेप लावलेला असल्यास तो खरवडू नये, चिठ्ठीत त्याचे नाव घालावे आणि फोड फोडू नये.